मिलिंदनं भरून दिलेला तिसरा अल्बम

मिलिंद परवा गेला. तिसरा अल्बम भारी की चौथा, यावर माझ्याशी भांडायला आता अख्ख्या भूम तालुक्यात कुणी उरलं नाही.

बँडचं नाव लिहीत नाही. लिहिलं की कमेंटमध्ये तुमची पोरं येऊन मला शिकवायला लागतील.

चार गोरे, चार अल्बम. मिलिंदचा थोरला भाऊ मुंबईला गोदीत होता, तो खलाशांकडून रेकॉर्डी मिळवून पाठवायचा.

पहिला अल्बम म्हणजे नुसती घाई. ड्रमवाला असा बडवतो, जणू पंगत उठायला लागलीय.

दुसऱ्याची एक बाजू सोनं, दुसरी बाजू भरती.

चौथा बराच नंतर आला. मिलिंदचा लाडका. माझ्या मते गुळगुळीत.

आणि तिसरा माझा.

जड. संथ. गाणारा इतका दुखावलेला, की वाटायचं ह्याचंही कुणावर तरी एकतर्फी असणार.

माझं होतं. सोलापूरला, कॉलेजात. वर्गातली सुनंदा.

बोलायची छाती नव्हती. म्हणून ठरवलं, तिसरा अल्बम कॅसेटवर भरून तिला द्यायचा. तिला कळेल.

दुष्काळाचं साल. मिलिंद सहकारी दूध संघाच्या केंद्रावर फॅट काढायला होता. दूध निम्म्यावर आलेलं, त्यामुळं दुपारी त्याला वेळच वेळ. मी सुट्टीत गावी आलो की आमची मैफल तिथंच. तिसरा अल्बम आम्ही तिथंच ऐकला, तिथंच भरला. रेकॉर्ड प्लेअर लाइटवर, टेप सेलवर.

सुनंदानं कॅसेट घेतली. मी आठवडाभर हवेत.

मग कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "अरे, कॅसेट हळू चालते. माझ्या मामांकडं हीच रेकॉर्ड आहे, ती अशी नाही वाजत."

"मग मामांची खराब असंल."

झालं. रविवारी आम्ही सहा-सात जण मामांच्या घरी. मामांनी चहा दिला, रेकॉर्ड लावली.

माझं ते दुखावलेलं गाणं चक्क उड्या मारत आलं! वरातीत वाजवावं असं. गाणाऱ्याला कसलंही दुःख नाही, उलट गडी मजेत.

पोरं हसून हसून लोळली. सुनंदाही हसली.

तिथं गप बसायचं. पण मी मामांना म्हणालो, "प्लेअर बिघडलाय तुमचा. आणि तुम्हाला गाणं कळत न्हाय."

त्यांच्या घरात. त्यांचा चहा पिऊन.

सुनंदाचं हसू गेलं. "तू जा," म्हणाली.

गेलो. हॉस्टेलवर ट्रंक भरली आणि गाव गाठलं. कॉलेज सुटलं ते सुटलंच. घरी कारण सांगितलं, दुष्काळ. त्या साली ते कारण कुणी तपासत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थेट दूध केंद्रावर.

"मिल्या, कसली कॅसेट भरलीस? पार इज्जत गेली माझी!"

त्यानं हातातली बाटली खाली ठेवून सगळं ऐकलं. मग वर बल्बकडं बघितलं. भर दुपारी बल्ब लाल, विझत्या बिडीसारखा.

"आरं येड्या, दुपारची लाइट आली की समद्यांच्या विहिरीवरल्या मोटारी चालू. व्होल्टेज हाय कुठं? रेकॉर्ड फिरत व्हती दमानं, अन् टेप सेलवर, आपल्या चालीनं. आपुन चार महिनं चुकीचंच गानं ऐकतोय!"

आणि असा हसला, असा हसला, की शेवटी मलाही आवरेना.

मग म्हणाला, "मामांची माफी माग."

"न्हाय."

"सुनंदाची तरी?"

"मेलो तरी न्हाय."

"बरं. मग म्याच जाऊन येतो. भरली तर म्याच हाय."

आणि गेला की! रजा टाकून. चूक माझी म्हणाला, मामांनी जेवायलाच बसवून घेतलं. दोन दिवस राहून आला.

"ती काय म्हणली?"

"म्हणली, त्याला म्हणावं, तू स्वतः ये. परीक्षेला अजून दीड महिना हाय."

मी गेलो नाही. कुठला हट्ट होता कुणास ठाऊक. तिचं लग्न झालं, माझंही झालं. (ही हे वाचतेय. तिला सगळं ठाऊक आहे.)

मिलिंदनं त्यावरून मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. अल्बमवरून मात्र चाळीस वर्षं सोलून काढलं. "तू ज्याची बाजू घेतो ना, तो अल्बम जगात निघालेलाच न्हाय!"

तरी तिसराच भारी. आमचा. हळू वाजणारा.

परवा त्याच्या मुलीनं त्याचा मोबाइल माझ्या हातात दिला. "काका, बाबांच्या ओळखीच्यांना तुम्हीच कळवा. माझ्यानं होईना."

एकेकाला कळवत नावांच्या यादीत खाली आलो.

'सुनंदाताई सोलापूर.'

मला माहीतच नव्हतं. कधी बोलला नाही पठ्ठ्या.

फोन लावला. बातमी सांगितली. ती रडली. मग विचारलं, "आपण कोण बोलताय?"

नाव सांगितलं.

म्हणालो, "त्या दिवशी मामांना बोललो, ते चुकलं माझं. तुलाही... तुम्हालाही त्रास झाला."

"मामा जाऊन वीस वर्षं झाली," ती म्हणाली.



मग म्हणाली, "मिलिंद दर दिवाळीला फोन करायचा. दरवर्षी एकच. ताई, तो निघालाय बरं का माफी मागायला. एसटी जरा लेट आहे."

आणि रडता रडता हसली. मीही.

मिल्या, पोचलो रे एकदाचा.

जयभीम, गड्या.