वच्छलाचा बोर्ड

आमच्या घरच्या फोनला तबकडी नव्हती. हे वैनगंगा विद्यापीठाच्या वसतिगृहाचे रेक्टर झाले तेव्हा आवारातलं क्वार्टर मिळालं, आणि त्याच्यासोबत तो काळा, बिनतबकडीचा फोन. रिसीव्हर उचलला की पलीकडे वच्छला. "बोला वहिनी, कोण पाहिजे?" म्हणायची आणि हवा तो माणूस जोडून द्यायची. विद्यापीठातला प्रत्येक फोन तिच्या हातून जायचा, कुलगुरूंचा असो की आमच्या मेसच्या आचाऱ्याचा.

वच्छला आंधळी होती. लहानपणी देवी आल्या, त्यात डोळे गेले. घर कन्हानला. बाप खाणीत कामाला होता, तो वारल्यावर मायलेकीच राहिल्या. आई, मीराबाई, रोज तिला बसनं घेऊन यायची, टेलिफोनच्या खोलीबाहेर पायरीवर गोधडी शिवत बसायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. मीराबाईला त्या पायरीचा फार अभिमान होता. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "पोरगी अंदर काम करून राहिली. साऱ्या साहेबलोकायले बोलते."

जुन्या बोर्डाला डोळे लागत नसत. फोन आला की त्या नंबरची पितळी पाकळी टप्पकन खाली पडे. वच्छला हात फिरवी, पडलेली पाकळी बोटाला लागे, तिच्याखालच्या भोकात ती दोरीची पिन खुपसे. बस. हे काम ती वर्षानुवर्षं करत होती, पण कच्च्या नोकरीवर. पक्कं करायचा विषय निघाला की आस्थापना विभागाचे अधीक्षक आनंदराव म्हणत, "होईन, होईन. पोरगी काय पळून चालली आहे?"

कारकुनांना ती खेळणं वाटे. एकदा मी तिच्या खोलीत पापड द्यायला गेले होते, तेवढ्यात लेखा विभागातल्या एकाचा फोन आला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"वच्छलाबाई, सांगा बरं, आज माझं शर्ट कोणत्या रंगाचं आहे?"

"मळकं असन साहेब," ती म्हणाली. "आवाजच मळका येऊन राहिला."

आणि खटकन पिन काढली. नंतर मात्र बराच वेळ तिनं पापडाच्या पुडीची दोरी नुसती बोटाला गुंडाळली, सोडली, गुंडाळली.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर नवा बोर्ड आला. लाकडी खोक्यांतून, भुशात बसवून. जुना मोडीत निघणार होता. नव्यात पाकळ्या नव्हत्या. फोन आला की एकच घंटी गुणगुणायची, सगळ्या नंबरांना मिळून एक, आणि ज्याचा फोन त्याच्यावरचा बारका दिवा लागायचा. दिवा पाहायचा, पिन लावायची. कंपनीचा इंजिनिअर तरुण होता, मद्रासकडचा. वच्छलाला पाहून तो गडबडला. त्यानं आनंदरावांना सुचवलं की प्रत्येक ओळीला वेगळा आवाज बसवता येईल, कंपनीला कळवावं लागेल एवढंच.

आनंदराव हसले. "एकीसाठी मशीनच्या पायात घुंगरू बांधता काय?"

विषय तिथेच मिटला. आनंदरावांच्या बायकोची भाची शोभा मॅट्रिक होऊन घरी बसली होती, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. इंजिनिअर तेवढा नवा.

पण तो पोरगा गेला नाही तोवर वच्छला रोज दुपारी नव्या बोर्डापाशी उभी राहायची. चाचणीसाठी त्यानं आमच्यासारख्या काही ओळी नव्या बोर्डाला जोडल्या होत्या. नुसती हात ठेवून. आणि डिसेंबरातल्या एका दुपारी माझा फोन वाजला.

"वहिनी, तुमी रिसीव्हर खाली ठेवा अन् पुन्हा उचला. बोलू नका. थांबा थोडं."

मी ठेवला, उचलला, थांबले. कानात नुसती घरघर. जरा वेळानं खटका झाला आणि वच्छला ओरडली, "सापडल्या! वहिनी, तुमी कोमट लागता बोटाले!"

दिवा लागला की त्याच्यावरचं काचेचं बोंड किंचित गरम होत होतं. आमच्याकडची डिसेंबरची थंडी, खोलीत गारठा, सगळी बोंडं बर्फासारखी आणि त्यात एकच कोमट. तिला डोळसाहून क्षणभर जास्त लागायचं, एवढंच. इंजिनिअरनं स्वतः दिवे लावून लावून तिचा सराव घेतला. संक्रांतीपर्यंत ती चुकेनाशी झाली. इंजिनिअर काम संपवून निघाला तेव्हा मीराबाईनं त्याला तिळगूळ बांधून दिला.

मग वच्छला आनंदरावांकडे गेली. शिपाई धोंडबा तिला हाताला धरून घेऊन गेला होता, त्यानंच मला सांगितलं.

"साहेब, मले जमून राहिलं. लागलेला दिवा गरम लागते बोटाले. आताच घ्या ना मही परीक्षा."

"घेऊ ना. काहून एवढी घाई? मोठं मशीन आहे, कोण्याही दिवशी चालू करते काय? अक्षयतृतीयेचा मुहूर्त धरला आहे. कुलगुरू येतीन, तेव्हा सगळ्यांसमोर तुही परीक्षा. पास झाली तं हा बोर्ड तुहा, अन् नोकरी पक्की. माझा शब्द."

तिला आनंद झाला. सगळ्यांनाच तो माणूस भला वाटला, मलाही. यंत्राला मुहूर्त हवाच, असं आमच्या ऑफिसातल्या शेवटच्या चपराशापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांचं मत होतं. नव्या बोर्डाला लाकडी झाकण घालून कुलूप लागलं. आत धूळ जाते म्हणून. वच्छला जुन्या बोर्डावर पाकळ्या चाचपत राहिली आणि मीराबाई कन्हानभर सांगत सुटली की अक्षयतृतीयेला पोरगी पक्की होणार.

नागपूरचा उन्हाळा नागपूरकरांना सांगायला नको. त्या वर्षी एप्रिल सरता सरताच नळाला हात लावला तर चटका बसत होता. आम्हा अधिकाऱ्यांच्या बायकांना चहापानाचं बोलावणं होतं. मी गेले तर टेलिफोनच्या खोलीची खिडकी रिकामी. तिथला वाळ्याचा कूलर गायब.

"आनंदराव, कूलर कुठे गेला?"

"कुलगुरू बसले आहेत त्या खोलीत लावला, वहिनी. मशीनले कायची गरमी होते?"

"पण वच्छलाला..."

"तिले तं सवय आहे. खाणीतल्या माणसाची पोर ती."

खोलीवर पत्रा होता. भिंती तापलेल्या, त्यात इतकी माणसं. बोर्डाला झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, पेढ्यांचं ताट फिरायला तयार झालं. वच्छला जांभळी साडी नेसून आली होती, नवी. मीराबाईला आत घेतलं नाही, गर्दी होते म्हणून. ती पायरीवर.

घंटी गुणगुणली. वच्छलानं हसत हात वर केला आणि बोंडांवरून बोट फिरवलं. दुसऱ्या ओळीवर गेली. परत पहिलीवर आली. तिचं हसू तसंच राहिलं, बोट मात्र थांबलं. मी जवळच उभी होते. मी सहज बोर्डाच्या लाकडाला हात लावला. लाकूड तापलं होतं. बोंडं तापली होती. लागलेली, न लागलेली, सगळी सारखी.

"थांबा," ती पुटपुटली. तिनं हात पदराला पुसला, पुन्हा लावला. घाम बोटांवरून बोंडांवर उतरत होता. घंटी गुणगुणतच होती. शेवटी तिनं एका भोकात पिन लावली आणि रोजच्या गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार, वैनगंगा विद्यापीठ."

त्या भोकावर दिवा नव्हता. मागून एक बाई फिसकन हसली आणि तोंडाला पदर लावला.

"चुकलं वाटते," आनंदराव म्हणाले. आवाजात साय. "काही हरकत नाही. आणखी एक."

"साहेब, कूलर लावला तं..."

"आणखी एक घे ना. घाई नाही आपल्याले."

त्यांनी एकामागून एक दिवे लावायला सांगितले. ती चाचपत राहिली. कधी शेजारचं, कधी खालच्या ओळीतलं. प्रत्येक वेळी रिकाम्या भोकाला नमस्कार घालायची, कारण घालायचा असतो. मी म्हटलं, "आनंदराव, बस करा आता." ते म्हणाले, "असं कसं वहिनी? पुन्हा कोणी म्हणायले नको, पोरीले पुरता चान्स दिला नाही." कुलगुरूंनी घड्याळ पाहिलं. तेव्हा कुठे आनंदरावांनी तिला खांद्याला धरून बाजूला केलं, कपाट सरकवावं तसं.

शोभा पुढे आली. घंटी वाजली, दिवा लागला, पिन गेली. पुन्हा दिवा, पुन्हा पिन. टाळ्या झाल्या. वच्छलानंही टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते म्हणून. कोण जिंकलं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण मला वाटतं तिला कळलं होतं.

पेढे वाटले गेले. ते मशीनचे पेढे होते. आणलेलेच होते, तर धोंडबानं ताट बाहेरही फिरवलं. पायरीवर मीराबाईच्या हातात पेढा पडला आणि तिला वाटायचं तेच वाटलं. बाई उठून थेट दारात आली. आनंदराव बाहेर निघत होते, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं तिनं.

"देवासारखे धावले गा साहेब तुमी! पक्की झाली मही पोरगी!"

आनंदरावांनी खाली पाहिलं. एकच वाक्य बोलायला हवं होतं त्यांनी. त्यांनी पाय मागे घेतला आणि म्हणाले, "खा, खा. तोंड गोड करा." आणि कूलरच्या खोलीकडे गेले.

मी पुढे झाले. वच्छलानं आईचा आवाज ऐकला होता. भिंतीच्या आधारानं बाहेर येत होती. माझी चाहूल लागताच तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "तुमी नका बोलू वहिनी." मग आईकडे तोंड करून म्हणाली, "चाल माय. ऊन चढलं."

"साऱ्या दिव्यायले हात बरोबर गेला ना वं?"

"गेला."

"मी म्हटलंच होतं! खा, अर्धा तुह्यासाठी ठेवला."

वच्छलानं तोंड उघडलं. आईनं पेढा भरवला. तिनं तो चावून चावून गिळला.

पुढल्या सोमवारी मायलेकी नेहमीच्या वेळी आल्या. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेलिफोनची खोली दिसते आणि तिच्या मागचा सामानाचा कोठाही. मीराबाई नवं लुगडं नेसली होती. टेलिफोनच्या खोलीत शोभा बसलेली. धोंडबा पुढे आला, वच्छलाचा हात धरून कोठ्याकडे नेऊ लागला. तिथे फाटलेल्या बैठकींच्या खुर्च्या ढिगानं रचल्या होत्या आणि वेताची भेंडोळी पाण्यात भिजत होती. ऑफिसांत आंधळ्या माणसांना द्यायचं एक काम असतं, खुर्च्या विणायचं, ते आनंदरावांनी तिला दिलं होतं.

"कुठं नेऊन राहिला गा धोंडबा?" मीराबाई हसतच म्हणाली. "बोर्ड तं इकडं आहे."

धोंडबा मान खाली घालून चालत राहिला. वच्छला त्याच्यासोबत. मीराबाई थोडा वेळ पायरीपाशी गोधडी घेऊन उभी राहिली. मग शोभाचा आवाज आला, "बाई, इथं बसू नका. रस्ता अडते."