साडूंचा क्लब आणि माझं पान

जगातली झाडून सगळी वर्तमानपत्रं, सगळी चॅनेलं आणि झालंच तर हवामानाचा अंदाज सांगणारी बाईसुद्धा एकाच फुटबॉल क्लबाच्या वाईटावर टपलेली आहेत, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझा साडू आहे. क्लबाचं नाव खाडीवीर. नेरूळच्या मागच्या अंगाला, खाडीकडे तोंड करून असलेल्या मैदानावर ही पोरं खेळतात. कुणी जुन्या गावातलं आगरी, कुणाचे वडील मराठवाड्यातून येऊन इथं कारकून झालेले, कुणाचा बाप कळंबोलीला ट्रकवर. साडू मूळचे साताऱ्याकडचे, कुस्ती बघत वाढलेले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून एका संध्याकाळी ते त्या मैदानाच्या कडेनं चालत होते. खाडीवीर हरत होता, आणि हरणाऱ्याची बाजू घ्यायची त्यांना उपजत खोड. ते तिथंच उभे राहिले. त्यांचं चालणं त्या दिवशी बंद झालं आणि रक्तदाब तेव्हापासून चढाच आहे.

मी एका मराठी दैनिकाच्या क्रीडापानावर काम करतो. आलेल्या बातम्या कापायच्या, मथळे द्यायचे, पान भरायचं. त्यामुळे सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडू सीवूड्सला आमच्या घरी हजर. त्यांनी स्वतः पेपर कधीच बंद केलाय, निषेध म्हणून. निषेध केल्यावर पेपरात काय आलंय ते कळणार कसं, म्हणून आमचा वाचायचा. ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल मोजून घेतात, कमरेला मोजपट्टी अडकवलेलीच असते. ती सर्रकन काढून ते आधी परदेशातल्या क्लबांची बातमी मोजायचे, मग कुठल्यातरी क्रिकेटपटूच्या नव्या कुत्र्याची, आणि शेवटी खाडीवीरची. तिथं आल्यावर मोजपट्टी नुसती टेकवायचे, आणि मुद्दाम, उपरोधानं, चष्मा पुसायचे. "हे पत्र्याची जाडी मोजतात ना, तसलं यंत्र लागंल इथं," म्हणायचे. माझी बायको निमूट चहा ठेवायची. माझ्या मुलीनं एकदा भाबडेपणानं विचारलं की काका, ते परदेशातले लोक चांगलं खेळत असतील म्हणून जास्त छापत असतील. त्यावर साडू आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत.

त्यांचा राग वरवरचा नव्हता, त्यामागं अभ्यास होता. त्यांचं म्हणणं, फोटोत आमच्या पोरांची कायम पाठ येते. समोरच्याचं तोंड, घाम, दात सगळं दिसतं, आमच्या पोराचा फक्त नंबर. त्याच्या आईनं काय नंबराची दृष्ट काढायची? सामना बरोबरीत सुटला की पेपरात दुसरा संघ ‘झुंजार बरोबरी’ साधतो आणि खाडीवीरला ‘बरोबरीवर समाधान मानावं लागतं’. या वाक्यानं तर ते पेटायचे. "कुणी मानलं समाधान? मी तिथं होतो, साडूभाऊ. आमचा गोलकीपर दोन दिवस जेवला न्हाई. समाधान म्हणे!" स्थानिक चॅनेलचा वार्ताहर मैदानावर आला की साडू खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसायचे आणि तो मोबाइलवर काय टाइप करतोय ते वाचून मोठ्यानं दुरुस्त्या सांगायचे. तो बिचारा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. साडू खुर्चीसकट मागोमाग.

एवढी सगळी आग, पण माझ्यावर तिची एक ठिणगी पडली नाही. आमच्या मेव्हण्याच्या मुलाच्या बारशाला कुणीतरी त्यांना मुद्दाम डिवचलं, की अहो, तुमचे सख्खे साडूच तर त्या पेपरात बसतात, त्यांनाच का नाही धरत? साडूंनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. "ते तिथं बसतात म्हणून आमच्या निदान चार ओळी तरी येतात," ते म्हणाले. "बाकीच्यांनी तेवढ्यापण खाल्ल्या असत्या." आणि माझ्याकडं बघून अशी मान हलवली की जणू मी शत्रूच्या छावणीत एकटाच लढतोय. मी पुरी चघळत राहिलो.

कारण त्या चार ओळी करणारा मीच होतो.

आमचा वार्ताहर खाडीवीरवर चांगलं लिहून पाठवायचा, प्रत्येक वेळी. पान भरताना जाहिरात आली की बातमी तळातून कापतात, हा आमचा धंद्याचा रिवाज. इतर बातम्या मी जाहिरात आल्यावर कापायचो, खाडीवीरची जाहिरात यायच्या आधीच. कामाला नवा असताना मी ती एकदा पूर्ण लावली, तेव्हा एका सहकाऱ्यानं हसत विचारलं होतं, काय, घरचा क्लब वाटतं? बस, तेवढंच. कुणी पुन्हा तसं म्हणू नये म्हणून मी आलेल्या फोटोंतला पाठीचाच निवडत गेलो, ‘समाधान’ घालत गेलो. याला मी मनातल्या मनात निःपक्षपातीपणा म्हणायचो. आज लिहितानाही त्या शब्दाची चीड येते. जगात खरोखरच एक माणूस त्या क्लबाच्या विरोधात होता, आणि साडू त्याच्याच घरचा चहा पीत त्याला शोधत होते.

या हंगामात खाडीवीर अंतिम फेरीत गेला आणि मुंबईच्या एका बड्या अकादमीच्या संघाला हरवून जिंकला. वार्ताहरानं मोठी बातमी पाठवली, कप्तानाचा हसरा फोटो, समोरून. साडूंनी पोरांना सांगून ठेवलं होतं की उद्या आपलं नाव मथळ्यात येणार, आता कुणाचा बाप दाबू शकत नाही. मला हे ठाऊक होतं. तरीही माझा हात सवयीनं चालला. मथळा गेला, ‘अकादमीचा संघ अंतिम फेरीत पराभूत’. खाली चार ओळी. शेवटच्या ओळीत खाडीवीरचं नाव. फोटो अकादमीच्या रडणाऱ्या पोराचा.

सकाळी पोरं साडूंबरोबर नेरूळ स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याकडं जमली होती आणि त्याचा अख्खा गठ्ठा त्यांनी विकत घेतला होता, हे मला बायकोकडून कळलं. साडू त्या दिवशी आमच्याकडं आले नाहीत. मीच मैदानावर गेलो. पोरं सराव करत होती, ते कडेला एकटे उभे होते. मी काही प्रस्तावना न करता सगळं सांगून टाकलं. आजचं, आधीचं, प्रत्येक सामन्याचं.

मला वाटलं होतं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पोरांकडं बघतच विचारलं, "म्हंजे मालक, संपादक, ते जाहिरातवाले, त्यातलं कुणीच न्हाई?"

"कुणी नाही. मीच."

"वरून फोन-बिन?"

"नाही."

ते एकदम दमल्यासारखे दिसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पोरांना सांगू नका, साडूभाऊ. त्यांना वाटतंय, आपल्याला दाबायला लई मोठी माणसं लागतात."

पोरं पुस्तकं वाचत नाहीत, म्हणून इथं लिहायचं धाडस केलंय.

आता खाडीवीरची बातमी मी पूर्ण लावतो, मथळ्यात नाव, फोटोत तोंड. सहकारी हसतात, हसू देत. साडू अजून येतात, कारण नातं बायकांकडून आहे, ते आमच्या हातात नाही. पण पेपर घडी न मोडता तसाच बाजूला ठेवतात, गुडघ्याच्या दुखण्याबद्दल बोलतात, भाजीच्या भावाबद्दल बोलतात. परवा मीच विषय काढला. म्हटलं, त्या चॅनेलवाल्यानं अकादमीचा चुकलेला फटका तीनदा दाखवला आणि आपल्या पोराचा गोल एकदाही नाही, बघितलंत का? आशेनं त्यांच्याकडं बघत राहिलो.

"असंल," साडू चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "वेळ न्हाई पुरला त्याला."

त्या चॅनेलचा मला इतका संताप आला की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.