अण्णाची मोकळी बाजू

म्हैसूरला लोक राजवाडा पाहायला जातात, चामुंडीच्या दर्शनाला जातात. मी गेलो ते फुटबॉल खेळणाऱ्या दोन माणसांचे पाय पाहायला. बंगळुरात आमच्या कचेरीतल्या मंडळींचा एक संघ होता, आणि दसऱ्यात आमची गाठ म्हैसूरच्या जुन्या मराठा शिलेदारांच्या वंशजांशी पडणार होती. त्यांचे दोन बॅक, म्हणजे गोलापुढे राखण करणारे गडी, सख्खे भाऊ होते. त्यांना ओलांडून जाणे आम्हाला कधी जमले नव्हते.

"दरसाल त्यांच्यापुढे नाक घासायचं का? जा, त्यांचा सराव बघून ये," आमचे कप्तान रामराव म्हणाले. मी संघात नवा, त्या भावांना मी कधी पाहिले नव्हते; खेळही बेताचाच, तेव्हा संघाला माझा एवढाच उपयोग होता.

श्रीरंगपट्टणला गाडी कावेरी ओलांडू लागली तेव्हा डब्यातल्या बायकांनी हात जोडले. मी मूळचा साताऱ्याकडचा; कुठलीही नदी दिसली की मला कृष्णा आठवते. मीही हात जोडले. म्हैसुरात उतरून जटका (एका घोड्याची गाडी) केला. पाहुण्याला राजवाडा सोडून दुसरीकडे जायचे असेल हे जटकेवाल्याला काही पटेना. त्याने मला राजवाड्याच्या दारातच उतरवले. तिथून बन्नीमंटपाच्या माळापर्यंत मी धूळ खात चालत गेलो.

माळावर अनवाणी गडी सराव करत होते. कडेला एक वयस्कर बाई पळसाच्या पानांत बांधलेल्या दोन शिदोऱ्या घेऊन बसल्या होत्या. वाटसरूचे सोंग घेऊन मीही तिथेच टेकलो.

डावा बॅक, ज्याला सगळे तुकोजी म्हणून हाका मारत होते, खरोखर जबर होता. चेंडू येताना दिसला की जागा सोडून तो थेट अंगावर चालून जाई. पण तो पुढे गेला की त्याच्यामागे कोणीच नसे. उजवा बॅक आपली जागा धरून उभा राही. पुन्हा पुन्हा तेच होत होते. एवढे मोठे भगदाड पाहून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"तो उजवीकडचा तुकोजींचा भाऊ ना?" मी बाईंना सहज विचारले.

"इल्ला (नाही), तो नंजप्पा. तुकोजीचा अण्णा (थोरला भाऊ) प्लेगात गेला की. ते दोघं भाऊ माझीच लेकरं." एका शिदोरीची गाठ सोडत त्या म्हणाल्या, "ऊट (जेवण) झालं का तुमचं?"

मी संकोचलो तेव्हा त्यांनी रीत सांगितली. शिलेदारीच्या दिवसांपासून त्यांच्या घरात गड्यासाठी बाहेर नेलेले अन्न उंबऱ्याच्या आत परत येत नसे. गडी नसला तर त्याचा वाटा परक्याला द्यायचा.

"मग एकच शिदोरी का नाही बांधत?"

"एकच बांधायला हात धजत नाही, अप्पा."

मी अण्णाच्या वाट्याचे चित्रान्न (लिंबू पिळलेला पिवळा भात) जेवलो. भात चांगला होता. एवढ्यात तुकोजी येऊन शेजारी बसला.

"बंगळूरचे ना तुम्ही? आमचा सराव गावातलं कोण बघत बसतंय?" तो हसला. मग भाताकडे पाहत म्हणाला, "तुमच्या कप्तानाला सांगा, तुकोजीच्या मागं कोणी नाही म्हणून. मी पुढं गेलो की अण्णा मागं यायचा. डोक्याला कळतंय तो नाही, पायांना कळत नाही. एन् माडोदु (काय करायचं)? तिथून एकदा गोल बसू दे, मग तरी कळेल."

परत आल्यावर मी रामरावांना सारे सांगितले. लपवावेसे फार वाटले, पण मग त्या माणसाचा निरोपच मी गिळला असता.

दसऱ्यात म्हैसुरात झालेल्या सामन्यात तेच झाले. तुकोजी पुढे धावला, आमचा गडी त्याच्यामागच्या मोकळ्या जागेत शिरला आणि गोल झाला. आमची मंडळी नाचू लागली. तुकोजी वळला आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला. पुढे त्याने आपली जागा सोडली नाही, आणि आम्हाला दुसरा गोल करता आला नाही. आम्हाला तो एकच पुरला.

खेळ संपल्यावर तो आईजवळ जाऊन बसला. "अव्वा (आई), अण्णा नाही गं," म्हणाला आणि हमसून हमसून रडला. इतके दिवस तो रडला नव्हता, हे मला नंजप्पाने सांगितले. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने मला खुणेने बोलावले आणि दुसरी शिदोरी माझ्या हातात दिली.

"गाडीत खा. घरी नेऊ नका."

परतीच्या गाडीत सगळे गात होते. रामरावांनी शिदोरीकडे हात पुढे केला, पण मी ती दिली नाही. त्यांना राग आला असावा. बंगळूर यायच्या आत मी शेवटचे शीतही संपवले. ज्याच्या मोकळ्या जागेतून आम्ही जिंकलो, त्या माणसाला मी कधी पाहिलेही नाही. त्याच्या वाट्याचे मात्र दोनदा जेवलो.