बिनकुंकवाचं मशीन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, वहिनीला नाही, देवापुढे उभी राहते तेव्हासुद्धा नाही — तिथे मी दुसरंच काहीतरी पुटपुटून परत येते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ऐकता ऐकता मध्येच उठून गेलात तरी मी काही म्हणणार नाही.

रत्नाबद्दल आहे. आधी तिच्याबद्दलच बोलू द्या. माझ्यापर्यंत येईनच मी — आता टाळून कुठे जाणार?

सांगली आणि मिरजेच्या मध्ये पंपाच्या मोटरी बनवणारा एक कारखाना होता. नव्वदीच्या सुरुवातीला तिथे बायकांना वायंडिंगवर घेऊ लागले. मोटरीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात ना, ती गुंडाळायचं काम. रत्ना आणि मी एकाच दिवशी लागलो. ती मिरजेची, बौद्ध घरातली. मी तासगावकडची, नवऱ्याशी न पटल्यामुळे भावाच्या घरी येऊन पडलेली. पहिलं वर्ष ट्रेनी म्हणून. नावाला ट्रेनी — पण पावसाळा संपायच्या आत आम्हाला स्वतंत्र मशीन दिलं होतं आणि पक्क्या बायकांइतकाच माल मागत होते. शिकणं कसलं, राबणंच ते. पण मला ते राबणं आवडायचं. का, ते कळायला फार वर्षं गेली. तिची जागा माझ्या शेजारी होती, म्हणून.

माझी जीभ तिखट. कारखान्यात सहसा कुणी माझ्या वाटेला जायचं नाही. रत्ना मात्र खुशाल टर उडवायची. माझी तार तुटली की विचारायची, आज सकाळी कुणाचा उद्धार करून आलीस? आणि मला हसू यायचं — मला, जिला घरी हसायला कारण नव्हतं. तिच्या डब्यातली बोंबलाची चटणी अर्धी माझ्या पोटात जायची. वहिनीला ते खपलं नसतं, म्हणून मी डबा कारखान्याच्या नळावर घासूनच घरी न्यायचे. बघा, भित्रेपणा तेव्हाही होताच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात मशीनची पूजा व्हायची. रीत अशी की ज्याच्या हातात मशीन, त्यानेच त्याला हळदकुंकू लावायचं. नुसतं शिकायला बसलेल्यांनी फुलं ओवायची, बस. आम्हा दोघींना ट्रेनिंगच्या वर्षीच आपापल्या मशीनची पूजा करायला सांगितलं होतं. मी पूजा केली. रत्नाच्या घरात पूजा नव्हती. तिने मशीन रॉकेलच्या बोळ्याने लख्ख पुसलं, वर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि हात बाजूला घेतले. फोरमनने विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाली, "पुसलंय की मी. त्येला तेवढंच लागतंय." अख्ख्या रांगेत ते एकच बिनकुंकवाचं मशीन. त्यावरून आठवडाभर कुजबुज चालली होती. मला मात्र ते सगळ्यांत देखणं वाटलं होतं.

पुढे आम्ही परमनंट झालो. रत्नाचं लग्न झालं. नवरा कोयनानगरला, धरणाच्या वसाहतीत नोकरीला. त्याला क्वार्टर मिळाली आणि तिने राजीनामा द्यायचं ठरवलं. तिच्या डोक्यात एक बेत होता. तिकडे कुणाची मोटर जळली की थेट कराडला न्यावी लागायची. तिथेच आपण रिवायंडिंगचं दुकान टाकायचं. ग्रॅच्युइटी मिळाली की गुंडाळायचं एक जुनं मशीन येईल, असं तिने धरलं होतं. मला म्हणाली, "तुज्यासाठी एक स्टूल ठिवते गं. भावाकडं कवापातूर ऱ्हाशील?"

पण ग्रॅच्युइटीला पाच वर्षं भरावी लागतात. परमनंट झाल्यापासून मोजलं तर तिची भरत नव्हती. ट्रेनिंगचं वर्ष धरलं तर भरून वर उरत होती.

आता माझ्यावर येते.

पर्सोनेलच्या साहेबांनी मला बोलावलं. माणूस सरळ होता. मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, सरकारी योजनेतल्या अप्रेंटिस असता तर ते वर्ष धरता आलं नसतं. पण तुम्ही कंपनीच्या ट्रेनी. तुमच्याकडून कामच करून घेतलं असेल, तर धरावंच लागेल. मालकांचं म्हणणं, मुली नुसत्या शिकत होत्या. फोरमन तर वारले. त्या रांगेतल्या बाकीच्या बायका सोडून गेल्या. तेव्हा तिच्यासोबत होतात अशा तुम्ही एकट्याच उरलात. मग म्हणाले, "मी त्या वर्षी नवा होतो. पूजेला फिरलो तेव्हा एका मशीनवर कुंकू नव्हतं, एवढं आठवतंय. ते रत्नाबाईंचंच ना?"

काय आलं माझ्या मनात? तिचं वाईट व्हावं असं नाही. खरंच नाही. मनात आलं — वर्ष धरलं नाही, तर ती थांबेल. पाच वर्षं भरेपर्यंत माझ्या शेजारी बसेल. आणखी एक पावसाळा, आणखी एक दसरा. एवढंच. एवढ्यासाठी मी तोंड उघडलं.

"न्हाई साहेब," मी म्हणाले. "ते बंद पडलेलं मशीन हुतं. आमी तवा नुसत्या बघत बसायचो."

त्यांना ते पटलं. का पटणार नाही? त्यात माझंही वर्ष बुडत होतं. स्वतःचं नुकसान करून कोण खोटं बोलतं?

रत्ना थांबली नाही. का थांबेल? तिचा नवरा तिकडे होता, घर तिकडे होतं. मी तिला इतकी ओळखत होते आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही. मी काय सांगितलं ते तिला ऑफिसातून कळलं होतं. महिना संपला आणि ती गेली. मिरजेच्या स्टँडवर मी पोचवायला गेले होते. गाडीत चढायच्या आधी तिने माझा हात धरला. "दम दिला आसंल साहेबानं तुला," म्हणाली. "तुजं पोट हाय त्येच्यावर. मी राग न्हाई धरला."

मी मान हलवली. हो म्हणून.

दुकान झालं नाही. ती वसाहतीत ब्लाऊज शिवून देते, असं कुणाकडून तरी कळलं. सुरुवातीला तिची पत्रं यायची, ये म्हणून. एकदा कराडच्या स्टँडवर कोयनानगरची गाडी समोर उभी होती. कंडक्टरने विचारलं, बाई, येणार का? मी नाही म्हणाले आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिले. अजून झेंडूचे ढीग दिसले की मला शेजारी तिची चाहूल लागते. मी मान वळवतेसुद्धा. वेडेपणाच तो.

नव्वदी संपता संपता कारखाना बंद झाला. संघटनेने भांडून सगळ्यांची ट्रेनिंगची वर्षं धरायला लावली. तेव्हा मीच पुढे होऊन सांगितलं — आम्ही शिकत नव्हतो, मशीन चालवत होतो. खंडेनवमीचं सांगितलं. माझ्या मशीनचं. शेजारच्या मशीनचं नाव तेव्हा घेता आलं असतं. घेतलं नाही. ते साहेब तोवर नोकरी सोडून गेले होते; पण तिचं नाव घेतलं असतं तर तिची जुनी फाईल निघून पहिलं खोटं उघडं पडलं असतं. माझं वर्ष धरलं. मी पैसे घेतले.

रत्ना अजून समजते की मला कुणीतरी घाबरवलं होतं. साहेबांनी मला दम दिला नव्हता. चहा दिला होता, आणि तो मी शेवटपर्यंत प्यायले होते.