आडनावाचा रकाना

"हिला आडनाव आहे हो. लपवते ती."

सर हे बोलले आणि लॅबमधली सगळी माणसं हसली. मी पडद्याकडं बघत होते. पडद्यावर माझं नाव होतं.

विभागात कार्यशाळा होती. संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं, त्याची. पीएचडी करणारे आम्ही सगळे कॉम्प्युटरपुढं बसलो होतो. शिकवायला पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. ते म्हणाले, उदाहरणाला तुमच्यातल्याच कुणाचा तरी छापलेला लेख घेऊ. पुढच्या खुर्चीत सर, म्हणजे माझे गाईड, बसले होते. त्यांनी मान वळवली नाही, नुसता हात मागं केला. "हिचा घ्या. हिचा एक आलाय."

माझा पहिला लेख. कागलच्या बाजूला दुसऱ्यांच्या गोठ्यात शेण काढणाऱ्या, वैरण टाकणाऱ्या, धारा काढणाऱ्या बायका असतात. दूध डेअरीला जातं मालकाच्या नावानं. त्या बायकांवर मी लिहिलं होतं. लेखावर माझं नाव आणि वडलांचं नाव छापलं होतं, दगडू. आडनाव मी घातलंच नव्हतं.

तज्ज्ञांनी माहिती भरली. सॉफ्टवेअरला आडनाव आधी लागतं, मग स्वल्पविराम, मग नाव. शेवटचा शब्द ते आडनाव म्हणून उचलतं. पडद्यावर आलं, 'दगडू', स्वल्पविराम, आणि मग मी.

"दगडू हे आडनाव आहे?" तज्ज्ञांनी साधेपणानं विचारलं.

तेव्हा सर ते बोलले. मग खुर्चीतून उठले, तज्ज्ञांच्या हाताखालचा कीबोर्ड आपल्याकडं ओढला आणि माझं आडनाव टाइप केलं. सावकाश. एकेक अक्षर पडद्यावर मोठं होऊन येत होतं.

"संदर्भ देताना माणसाचं मूळ कळलं पाहिजे," सर म्हणाले. "लपवाछपवी चालत नाही."

पुन्हा हसणं. मागून कुणीतरी हळू म्हणालं, "हां, म्हणजे तसं होय."

आम्ही बौद्ध. आमचं आडनाव ऐकलं की कळतं. सांगावं लागत नाही.

माझ्या शेजारी सुजाता बसली होती. कागलची, माझ्याच बरोबर पीएचडीला लागलेली. ती हसली नाही. खाली बघत होती. तज्ज्ञ पुढं शिकवत राहिले. हा रकाना शीर्षकाचा, हा वर्षाचा. मी सगळं केलं. माझ्या कॉम्प्युटरवर बरोबर आलं. मला राग आला नाही, रडू आलं नाही. हात आपोआप चालत होते. दुपारी जेवण होतं, तेही जेवले. काय जेवले ते आठवत नाही.

आडनाव मी का गाळलं, ते सांगते. विद्यापीठात आले तेव्हा कसबा बावड्यात खोली बघायला गेले होते. घर नवं, खोली स्वच्छ. मालकीणबाई चांगल्या बोलल्या. चहा ठेवते म्हणाल्या. आत गेल्या आणि आतूनच विचारलं, "पूर्ण नाव काय गं तुझं?" मी सांगितलं. बाहेर आल्या त्या मोकळ्या हातानं. "माझी भाची यायची हाय गं राहायला. इसरूनच गेलते मी." मी बरं म्हणाले आणि चप्पल घातली. त्यानंतर जिथं जमेल तिथं मी वडलांच्या नावावर थांबायला लागले.

लेख छापून आला तेव्हा पेठ वडगावला घरी घेऊन गेले. दादा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आता घरीच असतात. त्यांनी चष्मा लावून आधी नाव बघितलं. "माझं नाव छापलंय की," म्हणाले. खूश झाले. आडनाव कुठं गेलं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

कार्यशाळेनंतर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, झाल्या गोष्टीबद्दल काही बोलतील. त्यांनी टेबलावरचा पेनड्राइव्ह पुढं सरकवला. "माझ्या पुस्तकाचं हस्तलिखित आहे. संदर्भ सगळे विस्कळीत आहेत. तू शिकलीस ना, त्या सॉफ्टवेअरमध्ये घाल सगळं."

मी हो म्हणाले. गाईडला नाही कोण म्हणतं? प्रगती अहवालावर त्यांची सही असल्याशिवाय फेलोशिप येत नाही.

मी कामाला लागले. पुस्तकं शोधायची, नावं भरायची, मजकुरात ज्या जागी ज्याचं म्हणणं आलंय तिथं संदर्भ बसवायचा. एकदा बसवला की कंसात आडनाव आणि वर्ष येतं, आणि शेवटची यादी आपोआप तयार होते. काम सोपं होतं. डोकं बंद ठेवून करता येत होतं. मला तेच बरं वाटत होतं.

एक प्रकरण ग्रामीण बायकांच्या श्रमावर होतं. वाचता वाचता हात थांबला. ती वाक्यं माझी होती. एका बाईनं मला गोठ्याच्या दारात सांगितलं होतं, "म्हस मला वळखती, मालकीण न्हाय." ते वाक्य तसंच होतं. त्याच्या आधीचं माझं, नंतरचं माझं. पानंच्या पानं उचललेली. कंस कुठंच नव्हता.

तेव्हाही काही वाटलं नाही. आत सगळं गार पडल्यासारखं होतं. एवढंच कळत होतं, की ज्याचं म्हणणं आहे तिथं त्याचा संदर्भ बसवायचा, हेच काम सरांनी मला दिलंय.

माझ्या लेखाची नोंद भरली. आडनावाच्या रकान्यात पुन्हा दगडू आलं. ते खोडलं आणि माझं आडनाव घातलं. माझ्या हातानं. मग माझ्या प्रत्येक परिच्छेदाशेवटी संदर्भ बसवत गेले. यादीत माझं नाव आपोआप आलं, मोठ्या मोठ्या लेखकांच्या मधोमध.

फाइल दिली. दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. स्क्रीन माझ्याकडं वळवली.

"हे काय आहे?"

"संदर्भ आहे सर."

"ते दिसतंय मला. कशाला घातलास?"

"ती पानं माझ्या लेखातली आहेत."

"लेख कुणाच्या मार्गदर्शनाखाली लिहिलास?"

"तुमच्या."

"मग?"

सरांनी आवाज मऊ केला. "हे बघ, प्रकाशक मोठा आहे. यादीत कोण कोण आहे बघ. त्यात हे असं सारखं सारखं येणं बरं दिसत नाही."

"काय बरं दिसत नाही सर?"

त्यांनी स्क्रीन परत आपल्याकडं वळवली. मग म्हणाले, "आभार मानतो ना मी तुझे. पहिल्या पानावर. नाव घालतो."

"आडनावासकट?"

चारचौघांत पडद्यावर टाइप करायला त्यांना माझं आडनाव चाललं होतं. त्यांच्या पुस्तकात चालत नव्हतं. सरांचा चेहरा बघून मला ते समजलं. कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही.

"काढून टाक," सर म्हणाले. "फाइल आजच जायची आहे."

विद्यापीठात आल्यावर मी प्रयत्नानं 'नाही' म्हणायला शिकले होते, शुद्ध. त्या दिवशी तोंडातून घरचा शब्द आला.

"न्हाय काढणार."

"काय?"

"न्हाय काढणार सर. काढायचं असंल तर माझी पानं पण काढा."

"सही कुणाची लागते, माहीत आहे ना तुला?"

"माहीत हाय."

मी बाहेर आले. सुजाता जिन्यात भेटली. तिला सांगितलं. ती म्हणाली, "अगं सॉरी म्हण की. सही घे आणि मोकळी हो. नाव काय, पुढं कधीतरी येतंय की." ती वाईट नाही. तिचं नाव कधी कुणी खोडलेलं नाही, एवढंच.

घरी गेले तर दादाही तेच बोलले. "सरांशी वाकडं घिऊ नगंस. कागद त्यांच्या हातात हाय." बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते. डेपोत साहेबांपुढं आयुष्य कसं काढलं, ते मला ठाऊक आहे. पण मी त्यांचं ऐकलं नाही.

सरांनी दुसऱ्या विद्यार्थ्याकडून माझा संदर्भ काढून घेतला. पानं ठेवली. फाइल गेली. मी माझा छापलेला लेख आणि त्यांचं प्रकरण शेजारी शेजारी लावून प्रकाशकाला पाठवलं. विभागाच्या समितीलाही दिलं. सोबत गाईड बदलून मिळावा असा अर्ज. प्रकाशकाचं उत्तर एका ओळीचं आहे, 'आपला मेल मिळाला.' समितीची बैठक पुढं ढकलली जातेय. अहवालावर सही नाही, म्हणून फेलोशिप थांबली आहे. राजारामपुरीत एका क्लासमध्ये मी आता शिकवते. विभागात गेले की लोक मोबाइल बघायला लागतात.

राग अजून येत नाही. येईल तेव्हा येईल. त्याच्यासाठी मी थांबलेली नाही.

दुसरा लेख लिहून झाला आहे. त्याच बायकांवर. त्यातल्या प्रत्येकीला विचारलं, नाव घालू का? ज्या हो म्हणाल्या, त्यांची पूर्ण नावं घातली आहेत. वर माझं आहे, पूर्ण. गाईड मिळाला तर पीएचडी होईल. नाही मिळाला तरी लिहिणं थांबणार नाही. ज्याला माझं लिहिलेलं घ्यायचं आहे, त्यानं माझ्या आडनावासकट घ्यावं. आडनाव नको असेल, तर माझ्या एका ओळीलाही हात लावू नये. लावला तर मी पुन्हा येईन, आणि नाव घेऊन बोलेन. माझंही, आणि त्याचंही.