दारातून गेलेली केबल

चर खणणाऱ्यांना चार दिवस चहा पाजला धाकटीने, आणि इंटरनेट आलं समोरच्या मोठ्या जावेकडे! धाकटी शिवणकाम करायची. तिचा ऑनलाइन शिवणवर्ग सोमवारी सुरू व्हायचा होता.

"केबल माझ्याच दारातून गेलीय ना?"

"तुमची बाजू पुढच्या टप्प्यात, ताई," कंपनीचा माणूस म्हणाला.

"अगं, माझ्या हॉलमध्ये घे की वर्ग," जाऊबाई गोड हसल्या.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तेरा जणींनी नावं नोंदवली होती, म्हणून मुकाट्याने गेली.

वर्ग सुरू होताच एक विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, काय सुंदर घर आहे तुमचं! पडदे तर अप्रतिम!"

जाऊबाई दारातच उभ्या होत्या. धाकटीने मान ताठ केली.

"पडदे मीच शिवलेत," ती म्हणाली. घर कुणाचं, यावर मात्र तिने चकार शब्द काढला नाही.