पातळ रक्त

आम्ही वाशीला राहायला गेलो तेव्हा, म्हणजे ऐंशीनंतर लगेच, आमच्या सोसायटीत पाण्यापेक्षा समारंभ जास्त असत.

माझा थोरला भाऊ तुर्भ्याच्या कारखान्यात होता. परळच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं होतं, की तुमच्या हृदयाचा स्नायू जाड झालाय. हा आजार फार थोड्यांना होतो. ठोके बिघडले की आत रक्त साकळतं, गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही. शिवाय दर महिन्याला खाडीपलीकडे जाऊन रक्त तपासायचं.

वहिनीने हे शेजारी सांगितलं आणि घात झाला. ‘रक्त पातळ’ म्हणजे अशक्तपणा, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. घरात बीट आणि खजूर येऊ लागले.

मग सोसायटीचं आरोग्य शिबिर झालं. प्रमुख पाहुणे डॉक्टर दीड तास उशिरा आले. कशाचे डॉक्टर, हे विचारण्याची पद्धत नव्हती. सत्काराची शाल आणि गळ्यातला हार न काढताच त्यांनी दादाची छाती तपासली. त्यांना बहुधा झेंडू ऐकू आला असावा. म्हणाले, हृदय जरा मोठं आहे, मोठ्या मनाचा माणूस. टाळ्या पडल्या. गोळीचं कळल्यावर ते हसले.

“रक्त आधीच पातळ, त्यात आणखी पातळ कशाला? बंद करा. टॉनिक घ्या.”

अध्यक्षांनी हा सल्ला माइकवरून पुन्हा ऐकवला. सुयांना कंटाळलेल्या दादाला तो पटला. वहिनी दोन दिवस भांडली. तो म्हणाला, शालवाल्या माणसाचं ऐकू की तुझं?

तिसऱ्या आठवड्यात दाढी करताना त्याच्या उजव्या हातातून वस्तरा गळून पडला. तोंड वाकडं झालं. शब्द फुटेना.

डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, की गोळी कोणी थांबवली.

अध्यक्ष मोसंबी घेऊन भेटायला आले. म्हणाले, “अंगावरून वारं गेलं. खाडीचं वारं वाईटच.”

“वारं नाही साहेब, गुठळी,” वहिनी म्हणाली. “तुम्ही माइकवरून बंद केलेल्या गोळीची.”

ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, धक्का बसलाय त्यांना. आठवड्याभरात फळ्यावर सूचना लागली: संध्याकाळी खाडीकडच्या खिडक्या बंद ठेवाव्यात.

सगळ्यांनी ठेवल्या. आमची तेवढी उघडी असे. अध्यक्ष फेरफटक्याला निघायच्या वेळी वहिनी दादाची खुर्ची बरोबर तिथे आणून ठेवी.